मूळ प्रत कोणती? : एका शंभर सीसी मोटारसायकलीच्या निमित्ताने

‘रिस्टोरेशन’ हा शब्द एकेकाळी चित्रे, मंदिरे आणि फार तर जुने चित्रपट यांच्या संदर्भात कानी पडे. आता तो मोटारसायकलींच्या गॅरेजांत चांगलाच रुळला आहे. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या पायरीवर उभी असलेली तरुण मंडळी ‘गाडी रिस्टोअरला टाकलीय’ असे सहज बोलून जातात आणि ऐकणाराही त्याचा अर्थ विचारीत नाही. आम्हांला मात्र तो विचारावासा वाटतो. गाडी पूर्वस्थितीला न्यायची म्हणजे नेमकी कोणत्या स्थितीला? कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवसाच्या? आणि मधल्या पस्तीस-चाळीस वर्षांत तिच्या अंगावर जे लिहिले गेले, खोडले गेले, जोडले गेले त्याचे काय करायचे? साहित्याच्या अभ्यासकाला हे प्रश्न अपरिचित नाहीत. पोथ्यांच्या आधारे ग्रंथाचा पाठ सिद्ध करणाऱ्या प्रत्येक संपादकाने ते स्वतःला विचारलेले आहेत. गॅरेजात मात्र ते विचारण्यापूर्वीच सॅन्डपेपर हाती घेतला जातो, ही आमची तक्रार आहे.

तक्रार करण्यास निमित्त घडले ते असे. आम्ही तिघे, तिघेही मराठीचे अध्यापन करणारे, गेल्या दीड वर्षापासून एका कावासाकी बजाज केबी १०० या मोटारसायकलीच्या मागे आहोत. जुन्नर तालुक्यातील एका दूधवाल्याच्या गोठ्यात ती बारा वर्षे उभी होती. भंगारवाल्याने वजनावर केलेल्या भावापेक्षा थोडे अधिक, म्हणजे साडेचार हजार रुपये देऊन आरसी बुकासह ती आम्ही घेतली. टाकीत गंजाचा चिखल, सीट उंदरांनी कुरतडलेली, किक जाम, उजव्या बाजूचे साइड पॅनेल बेपत्ता. मूळ रंगावर कोणी ब्रशने निळा ऑइलपेंट दिलेला. पुढच्या मडगार्डवर नंबरप्लेट रंगवणाऱ्याच्या सराईत हाताने ‘आईचा आशीर्वाद’ असे काढलेले. आणि मागे दोन्ही अंगांस, दुधाच्या किटल्या अडकवण्यासाठी, दहा मिलिमीटरच्या लोखंडी गजाचे वाकवलेले आकडे चेसिसला वेल्डिंग करून पक्के केलेले.

ज्या मिस्त्रीकाकांकडे गाडी नेली त्यांचा या कामातला हात चाळीस वर्षांचा. त्यांनी एकदा गाडीभोवती फेरी मारली आणि म्हणाले, “सर, सोडा माझ्यावर. अशी करून देतो की कुणी ओळखणार नाही.” बोलणे प्रेमाचे होते आणि त्यात खोटे काही नव्हते, काकांना ते जमले असते. परंतु जिला कुणी ओळखणार नाही अशा गाडीचे पुनरुज्जीवन झाले असे कसे म्हणावे, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला तो लागलाच.

प्रथम या गाडीची वंशावळ सांगितली पाहिजे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर चार जपानी कंपन्या चार भारतीय उद्योगांचा हात धरून आपल्या रस्त्यांवर उतरल्या. टीव्हीएसबरोबर सुझुकी १९८४ साली. हिरोबरोबर होंडा आणि एस्कॉर्ट्सबरोबर यामाहाची आरएक्स १०० या १९८५ साली. आणि १९८६ मध्ये बजाजबरोबर कावासाकीची केबी १००. (एस्कॉर्ट्सने यामाहाच्याच परवान्यावर राजदूत ३५० ही दांडगी गाडी १९८३ पासूनच काढली होती, पण तिचे पेट्रोल पिणे मध्यमवर्गाला झेपणारे नव्हते.) त्याआधी दुचाकी म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहण्याची वस्तू होती. या शंभर सीसीच्या हलक्या गाड्यांनी प्राध्यापक, तालुक्याचा वैद्यकीय प्रतिनिधी, पतपेढीचा वसुली कारकून आणि दूधवाला या सर्वांना एकाच जातीच्या इंजिनावर बसवले. चारही घरोबे पुढे मोडले. टीव्हीएस-सुझुकी आणि एस्कॉर्ट्स-यामाहा २००१ पर्यंत विभक्त झाले, हिरो आणि होंडा यांनी २०१० च्या अखेरीस वेगळे होण्याचे ठरवले, आणि बजाज-कावासाकी यांचा भारतातील सहयोग २०१७ साली संपला. म्हणजे आमच्या गाडीच्या टाकीवर जी दोन नावे शेजारी नांदत आहेत तशी ती आता कोणत्याही नव्या गाडीवर दिसणार नाहीत.

या चौघींच्या नशिबात पुढे जो भेद पडला तो वाङ्मयेतिहासाच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहावा असा आहे. आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि थांबल्यावर ती मोठी झाली. ९८ सीसी, अकरा अश्वशक्ती, आणि सायलेन्सरमधून येणारा तो धातूच्या ताटलीवर वाजल्यासारखा आवाज: एवढ्या भांडवलावर तिच्याभोवती एक अख्खा भक्तिसंप्रदाय उभा राहिला. बरी आरएक्स आज तिच्या मूळ किमतीच्या कैक पटीने विकली जाते. राजदूत ३५० चेही तेच. आणि केबी १००? जुन्या बाजारात तिचा सांगाडा वजनावर जातो. तिच्यात यंत्र म्हणून काही फार उणे होते असे नाही. मात्र तिची कथा कोणी सांगितली नाही. अभिजाततेची यादी अशीच बनत असते. जे पुन्हा पुन्हा उद्धृत होते ते टिकते आणि जे टिकते ते पुन्हा उद्धृत होते.

येथे एक उलटा न्याय आहे. जी पुस्तके लाखांनी छापली जातात तीच पुढे मिळत नाहीत. जुनी क्रमिक पुस्तके, पंचांगे, रेल्वे स्टेशनवर विकल्या गेलेल्या रहस्यकथा यांची प्रत शोधायला निघालेल्या संशोधकाला हा अनुभव असेल. घरोघरी होत्या, म्हणून कोणी जपल्या नाहीत. स्वस्त जपानी मोटारसायकलीचेही असेच आहे. ती जपण्याजोगी वाटू नये इतकी ती सर्वत्र होती. हिरो होंडाची त्या काळची प्रसिद्ध जाहिरात ग्राहकाला सांगे की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. आम्ही इतके आज्ञाधारक की खरोखरच विसरून गेलो.

कायदाही या विस्मरणाला अनुकूल आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांनुसार व्हिंटेज ठरण्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण व्हावी लागतात, वाहन मूळ रूपात राखलेले असावे लागते आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा लागतो. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, मात्र ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. १९८६ ची गाडी या व्याख्येत २०३६ पूर्वी बसत नाही. दुसऱ्या बाजूला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर आहेच. वीस वर्षांवरील दुचाकीच्या फेरनोंदणीचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दोन हजार रुपये करण्यात आले; एप्रिल २०२२ पूर्वी ते तीनशे होते. मधल्या तीस-पस्तीस वर्षांच्या पट्ट्यात अडकलेल्या या गाड्यांना ना तारुण्याची किंमत ना वार्धक्याचा मान. पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्यांतील बहुतेक भट्टीत जातील.

परंतु आम्हांला अधिक अस्वस्थ करतो तो त्या नियमातील ‘मूळ रूप’ हा शब्दप्रयोग. आमच्या गाडीचे मूळ रूप कोणते? जपानमध्ये कागदावर उतरलेल्या रचनेत मागच्या चाकाशेजारी साडी गार्ड नव्हता. तो येथे जोडला गेला, आणि कायद्याच्या आधाराने जोडला गेला. पोथ्यांच्या परिभाषेत बोलायचे तर भारतीय केबी १०० ही एका जपानी संहितेची दाक्षिणात्य परंपरा आहे. साडी गार्डाला प्रक्षेप म्हणून काढून टाकणारा संपादक हास्यास्पद ठरेल. मग किटलीच्या आकड्यांनीच काय पाप केले आहे? साडी गार्ड हजारो गाड्यांवर आहे आणि आकडे एकाच गाडीवर आहेत, इतकाच भेद. पाठचिकित्सेत अशा एकाच प्रतीत आढळणाऱ्या पाठाकडे संशयाने पाहतात हे खरे, पण प्रत्येक गाडी ही हरवलेल्या आदिप्रतीची साक्षीदार म्हणूनच मोलाची असते काय? की ती स्वतःही काही सांगत असते?

याबाबत आपल्याकडे दोन वाटा पूर्वापार आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला आणि यात पुढे कोणी भर घालू नये असे बजावले. हेतू निःसंशय थोर होता. पण त्या शुद्धीपूर्वीची ज्ञानेश्वरी कशी दिसत असेल, ही ओढ पुढच्या अभ्यासकांना लागलीच. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पोथी प्रसिद्ध केली, आणि त्यातून उठलेले वाद या पानांच्या वाचकांना आम्ही सांगण्याची गरज नाही. शुद्ध प्रत सिद्ध झाली की अशुद्ध प्रतींची निगा कोणी राखत नाही, हा त्या इतिहासातील आमच्या कामाचा भाग.

दुसरी वाट भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्णतेस गेले. १९२५ ते १९४३ या काळात विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. त्यांनी घातलेल्या शिस्तीतील दोन गोष्टी गॅरेजाच्या भिंतीवर रंगवून ठेवाव्यात अशा आहेत. जेथे पाठ निश्चित करता आला नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ आहे, म्हणजे संपादकाने आपली शंका वाचकापासून लपवली नाही. आणि जे श्लोक, जे अख्खे प्रसंग मूळ संहितेतून वगळले ते फेकून दिले नाहीत. तळटीपांत आणि परिशिष्टांत ते जसेच्या तसे छापले. ज्याला संपादकाचा निर्णय मान्य नसेल त्याला त्याच ग्रंथातील सामग्रीवर तो फिरवता येतो. वगळलेले फेकायचे नाही आणि घातलेले लपवायचे नाही, या दोन अटी पाळल्या तर पुनरुज्जीवनाला आमचा विरोध नाही. आज गॅरेजांत चालते ते नेमके याच्या विरुद्ध. चेसिस अ‍ॅसिडात बुडवायची, पावडर कोटिंग करायचे, इंजिनाचे आवरण बफिंग करून आरशासारखे चकाकवायचे (ते कारखान्यातून येताना कधीही इतके चकाकत नव्हते), स्टिकर नवे छापून लावायचे, आणि जुना माल भंगारवाल्याच्या पोत्यात. याला पुनर्लेखन म्हणावे, पुनःस्थापना म्हणू नये.

आता थोडे यंत्राविषयी, कारण या बाबतीत खरा धडा यंत्रानेच दिला.

ब्लॉक उघडला तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर, काजळी खरवडल्यावर, ०.७५ हा आकडा दिसला. टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि ब्लॉकची भिंत झिजली की लेथवर भिंत किंचित मोठी कापून घेतात आणि त्या मापाचा मोठा पिस्टन बसवतात. गॅरेजात त्याला रिबोअर म्हणतात. हे पाव पाव मिलिमीटरने होते: ०.२५, ०.५०, ०.७५ आणि शेवटी १.००. त्यापुढे भिंतीत कापण्यासारखे उरत नाही. नवी स्लीव्ह ठोकावी लागते. म्हणजे आमच्या ब्लॉकला केवळ एक आयुष्य शिल्लक होते. ही गाडी किती चालली हे तिच्या बंद पडलेल्या मीटरवरून कळत नव्हते, पण त्या एका आकड्याने तिचे चरित्र सांगितले. कोणीतरी तिला वारंवार लेथवाल्याकडे नेले होते, पैसे मोजले होते, पुन्हा घाटात दूध वाहिले होते. शिवाय प्रत्येक दुरुस्तीने मूळ धातूचा एक पापुद्रा कायमचा गेला होता. दुरुस्ती ही झीजच असते, जरा शिस्तीतली.

स्लीव्ह बसवणे हा सोपा मार्ग वाटतो, पण टू-स्ट्रोकच्या ब्लॉकच्या भिंतीत पोर्ट असतात, म्हणजे खिडक्या, ज्यांतून ताजे मिश्रण आत येते आणि जळलेला वायू बाहेर जातो. चार-स्ट्रोकप्रमाणे वर व्हॉल्व्ह नसल्याने त्या खिडक्यांची उंची आणि आकार हाच इंजिनाचा स्वभाव. नव्या स्लीव्हमध्ये त्या कापताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की गाडीची चाल बदलते. छंदाची मात्रा चुकावी तसे. आम्ही १.०० चा पिस्टन घातला आणि स्लीव्हचा निर्णय पुढच्या पिढीवर सोपवला. क्रँकची ऑइल सीले मात्र डोळे झाकून नवी टाकली. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण प्रथम क्रँककेसमध्येच दाबले जाते. बारा वर्षे उभ्या गाडीची रबरी सीले दगड झालेली असतात, त्यांतून हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टन चालत्या गाडीत जाम होतो. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या रबराचेही तेच. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते आणि ते १९८६ च्या रबराला ओळखत नाही.

आणखी एक बारकावा सांगितल्याशिवाय राहवत नाही. जपानी मोटारसायकलींवरील चौफुली खाचेचे स्क्रू दिसायला आपल्या नेहमीच्या ‘स्टार’ स्क्रूसारखे दिसतात, पण ते तसे नसतात. त्यांची खाच जपानी औद्योगिक प्रमाणानुसार, म्हणजे ‘जेआयएस’नुसार, कापलेली असते आणि ओळख म्हणून डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका असतो. नेहमीचा फिलिप्स जातीचा स्क्रूड्रायव्हर त्यांत पुरता बसत नाही. जोर लावला की घसरतो आणि खाच खाऊन टाकतो. जगभरच्या जुन्या जपानी गाड्यांच्या इंजिनावर जे फाटलेले, छिन्नीने ठोकून काढलेले स्क्रू दिसतात त्यांचा दोष लोक वर्षानुवर्षे ‘जपानी लोखंड मऊ’ असे म्हणून जपानच्या माथी मारीत आले. लोखंड ठीक होते, हत्यार दुसऱ्या भाषेचे होते. आमच्या गाडीवर दोन्ही जातींचे स्क्रू सापडले, आणि कोणता मूळचा व कोणता नंतरचा हे त्या ठिपक्यावरून लावता आले. एखाद्या लहियाच्या ‘ळ’च्या वळणावरून पोथीची पाने वेगळी काढण्याचा आनंद ज्यांना ठाऊक आहे त्यांना आमचा त्या संध्याकाळचा आनंद कळेल.

जपानचा विषय निघाला की फुटक्या भांड्याची सांध सोन्याने भरण्याच्या कलेचा दाखला देण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. तो मोह आम्ही आवरतो. आमची गाडी चहापानाच्या विधीतून आलेली नाही; ती अफाट प्रमाणावरच्या कारखानदारीतून आली आहे, जिच्यात होंडाच्या एकट्या सुपर कबची संख्या २०१७ साली दहा कोटींवर गेली. सोन्याने सांधण्याजोगे तिच्यात काही नाही. तिचे सांधे वेल्डिंगच्या काडीचे आहेत, आणि तेच दिसू द्यावेत असे आमचे म्हणणे आहे.

मोटारसायकल आणि विचार यांची सांगड म्हटली की रॉबर्ट पर्सिग यांचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेन्टेनन्स’ (१९७४) आठवणे अपरिहार्य आहे. काही काळ काशी हिंदू विश्वविद्यालयात शिकून गेलेल्या या गृहस्थाने १९६८ साली थोरल्या मुलाला मागे बसवून मिनेसोटाहून कॅलिफोर्नियापर्यंत जो प्रवास केला तो होंडाच्या ३०५ सीसीच्या सीबी ७७ वर. गंमत अशी की बरोबरच्या मित्राची बीएमडब्ल्यू पुस्तकात नावानिशी येते, पण निवेदकाच्या स्वतःच्या गाडीचे नाव कोठेही येत नाही. स्वस्त जपानी गाडी तेथेही अनामिकच राहिली. (ती होंडा आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे आणि २०२४ पासून लोकांना पाहता येते. अनामिकाला पाटी मिळायला पन्नास वर्षे लागली; आमच्या व्हिंटेज नियमाचाही आकडा तोच.) त्या पुस्तकातील एक प्रसंग वर्गात शिकवण्यासारखा आहे. मित्राच्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल होऊन सरकू लागते. निवेदक सुचवतो की बियरच्या रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून मध्ये घातली की झाले. मित्र दुखावतो. जर्मन कारागिरीच्या त्या महागड्या गाडीत डब्याचा पत्रा! पत्रा त्या कामाला उत्तम असतो, गंजत नाही, हे त्याला ऐकायचेच नसते. दूधवाल्याचे आकडे या पत्र्याच्या पट्टीच्या गोत्रातले आहेत. ते कापून टाकण्याची ज्यांना घाई असते ते पर्सिगचे नाव कितीही घेवोत, मनाने त्या मित्राच्या बाजूचे असतात.

आमच्या विरुद्ध बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातील काही खरे आहे. टू-स्ट्रोक गाडी इंधनाबरोबर तेल जाळते, आणि काही ताजे मिश्रण न जळताच तिच्या धुराड्यातून निघून जाते. हा धूर स्मरणरंजनाने शुद्ध होत नाही. २००० सालच्या उत्सर्जन नियमांनंतर या इंजिनांची सद्दी संपली ते योग्यच झाले. म्हणून ही गाडी रोज चालवावी असे आम्ही म्हणत नाही. महिन्यातून एकदोनदा चालावी, चालती राहावी. ब्रेक, टायर, वायरिंग, केबल या गोष्टींतही जुनेपणाचे कौतुक नको. चाळीस वर्षांचा ब्रेक-शू हा ऐतिहासिक दस्तऐवज असेल, पण तो परिशिष्टातच शोभतो.

अधिक बोचरा आक्षेप दुसराच आहे. ज्या दूधवाल्याच्या खुणा जपण्याचा आम्ही आग्रह धरतो त्याला त्या जपायच्या होत्या काय? मुळीच नाही. त्याच्या मुलाने गाडी देताना आम्हांला हसून विचारले, “सर, एवढं करण्यापेक्षा नवी नाही का घेत?” त्याच्या घरी आता छोटा टेम्पो आहे, आणि आकड्यांचे लोखंड त्याच्या वडिलांच्या मांडीला लागून कसे सोलायचे हे त्याला आठवते. त्या माणसाच्या कष्टांचे आपण सौंदर्य करून टाकत आहोत, अशी शंका आमच्यापैकी एकाने काढली आणि ती अजून मिटलेली नाही. लोकसाहित्याच्या संकलकांवर हाच आरोप होत आला आहे. जात्यावरच्या ओव्या वहीत उतरल्या त्या बहुधा दळणे बंद होऊ लागल्यावर; आणि दळणारीला पिठाची गिरणीच हवी होती. तरीही ओव्या उतरवल्या नसत्या तर बरे झाले असते असे कोणी म्हणणार नाही. फक्त उतरवणाऱ्याने त्यांतला घाम पुसून त्या गोड करू नयेत. गाडीला चकाकी देऊन ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवणे म्हणजे तो घाम पुसणेच आहे, आणि या एका मुद्द्यावर आम्ही तिघे ठाम आहोत.

तेव्हा जे केले ते असे. निळा ऑइलपेंट खरवडला नाही; केवळ टाकीच्या पोटाखाली, जेथे तो आपोआप सुटला होता, तेथे तळचा मूळ लाल रंग दोन बोटे उघडा ठेवून वर पारदर्शक लेप दिला. मडगार्डवरची अक्षरे तशीच आहेत. सीटचे कव्हर नवे शिवले, त्याचा धागा मुद्दाम पांढरा घातला. काढलेला प्रत्येक भाग क्रमांक टाकून पिशवीत ठेवला आहे आणि दोनशे पानी वहीत तारीख, कारण व नव्या भागाचे माप लिहिले आहे. काकांनी प्रथम या वहीची भरपूर थट्टा केली, हल्ली ते स्वतःच विचारतात, “सर, हे लिवलं का?” आकड्यांबाबत मतभेद झाला. अखेर ते ठेवले. बाहेर आलेल्या टोकांवर रबरी नळी चढवली. तपासणीच्या वेळी आरटीओने काढायला सांगितले तर ते मुळापासून घासून सपाट करायचे नाहीत, वेल्डिंगपासून चार बोटे सोडून कापायचे, असे ठरले आहे.

राहता राहिले उजव्या बाजूचे साइड पॅनेल. बाजारात फायबरचे मिळते, पण त्यावरील अक्षरे अंदाजाने छापलेली असतात. आम्ही तेथे साधे काळे, अक्षरे नसलेले पॅनेल लावले आहे, म्हणजे तेथे काहीतरी होते आणि ते आम्हांला ठाऊक नाही हे पाहणाऱ्याला कळावे. वाचकांपैकी कोणाच्या अंगणात, शेतघरात वा गोठ्यात १९८६-८७ ची केबी १०० पडून असेल, आणि तिचे उजवे पॅनेल मूळचे असेल, तर कृपया त्यावरील अक्षरांची उंची, दोन शब्दांमधील अंतर आणि खालच्या कडेपासूनचे माप घेऊन आम्हांला कळवावे. पॅनेल काढून पाठवू नये. ते आहे तेथेच, त्याच गाडीवर राहू द्यावे.